वरूनच दर्शन

इटलीतल्या कामोल्यीच्या धक्क्यावरून बोटीने अर्ध्या तासात सान फ्रुत्तुओसो येतं. गाडीरस्ता नाही, बोट नको असेल तर डोंगर चढा आणि उतरा. एवढीशी खाडी, काठावर जुना मठ, पाणी नितळ. भूमध्य समुद्राची भरती इतकी नावापुरती की काठावर काढलेल्या चपला संध्याकाळपर्यंत जागच्या हलत नाहीत. कोकणातल्या माणसाला हा समुद्र आजारी वाटेल.

"भाऊजी, स्नॉर्केलिंग म्हणजे नुसतं पाण्यावर पडून राहायचं," मेहुणा तुच्छतेने म्हणाला. माझा निर्णय तिथेच झाला.

त्याच्याकडे स्कूबाचा परवाना आहे. उशीला एक नंबर लहान अभ्रा चढवावा तसा त्याला वेटसूट चढवण्यात आला. तो सूट तरंगतो, म्हणून कमरेला शिशाचा पट्टा. शिसं बुडवतं, म्हणून हवा भरायचं जाकीट. शिवाय पाठीवर सिलिंडर. एवढा महागडा सरंजाम, पण मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून उपाय काय, तर आत थुंकायचं! पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'वर चला'. कुणी उत्साहात 'झकास' म्हणून अंगठा दाखवला, तर अख्खी वरात माघारी.

हा खटाटोप खालच्या येशूच्या पुतळ्यासाठी. दारिओ गोन्झात्ती हा इटलीतल्या पहिल्या स्कूबावाल्यांपैकी एक. तो १९४७ साली इथे बुडाला. त्याच्या आठवणीत १९५४ मध्ये सुमारे १७ मीटर खोल हा अडीच मीटरचा ब्राँझचा पुतळा उतरवला गेला. शिल्पकार गुइदो गाल्लेत्ती. ओतकामाला लोकांनी पदकं दिली, जहाजांच्या घंटाही दिल्या. पुढे एका नांगराने हात तुटला, तेव्हा वर काढून दुरुस्तीही झाली. पुतळ्यापाशी दाब पृष्ठभागाच्या पावणेतीन पट. नाक चिमटीत धरून कान मोकळे करत उतरावं लागतं.

मी तोंडात नळी धरून वर पालथा. खाली निळसर धुरकटात वर उचललेले दोन हात, आणि मेहुण्याच्या बुडबुड्यांची रांग थेट माझ्या पोटावर फुटणारी. गुदगुल्या फुकट.

तो धापा टाकत वर आला. "भाऊजी, काय दर्शन झालं! हात पसरून सरळ तुमच्याकडेच बघत होता."

"काय म्हणत होता?"

"म्हणाला, जरा सरका, उजेड अडतोय."