स्थानापन्न

सरकारी कचेरीत माणसाची पायरी त्याच्या खुर्चीवरून कळते. बिनहातांची लाकडी खुर्ची म्हणजे कनिष्ठ लिपिक, हातांची म्हणजे वरिष्ठ. फिरती खुर्ची आली की पाठोपाठ केबिन येते, आणि खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल पडला की माणूस साहेब झाला. पुण्यातल्या एका कचेरीतले बसवंतराव (हे नाव शिपायांनी ठेवलेलं) टॉवेलापर्यंत पोहोचले आहेत.

लिपिक होते तेव्हा फाइल घेऊन त्यांना तीन मजले चढावे लागत. पहिली बढती मिळाली आणि फाइल शिपाई नेऊ लागला. दुसरी मिळाली आणि पाण्याचा पेला टेबलावर येऊ लागला. आता घंटी आहे. खाली पडलेलं पेनसुद्धा घंटी वाजवूनच उचललं जातं. घरून गाडीत, गाडीतून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून खुर्चीत आणि संध्याकाळी सोफ्यावर. उभं राहण्याचे प्रसंग तीनच: राष्ट्रगीत, आरती आणि मंत्र्यांचा दौरा.

तरीही ‘तुमचं काम बैठं’ असं म्हटलेलं त्यांना खपत नाही. “रोज पहाटे तळजाईच्या टेकडीवर असतो मी!” असतात खरे. तिथवर गाडीने जातात, अर्धा तास चालतात आणि पुढचा अर्धा तास टपरीवर बसून देशाचा कारभार पाहतात. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास आला. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांना त्याचा धोका पुसून काढायला रोज ६० ते ७५ मिनिटं बऱ्यापैकी जोमाने हालचाल लागते, असं त्यात दिसलं. म्हणजे बसवंतरावांकडे निम्मी थकबाकी निघते. टपरीवरचा अर्धा तास त्यात धरता येत नाही.

चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळून पायांतलं रक्त वर ढकलतात. बसवंतरावांच्या पोटऱ्या दहा ते सहा रजेवर असतात, त्यामुळे संध्याकाळी मोजे काढले की घोट्यांवर रबराचे खोल वळ उमटलेले दिसतात. दीड वाजता डबा होतो. त्यातली साखर वापरायची ती मांड्यांच्या मोठ्या स्नायूंनी, पण ते खुर्चीत पसरलेले. साखर बिचारी रक्तातच हिंडत राहते. २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या काही जणांना दर २० मिनिटांनी फक्त दोन मिनिटं चालायला लावलं, तेव्हा सलग बसण्याच्या मानाने त्यांची जेवणानंतरची साखर कमी चढली. बसवंतरावांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “दर वीस मिनिटांनी उठलो तर लोकांना वाटेल साहेबांना काम नाही.”

त्यांचा शिपाई मात्र दिवसभर जिने चढतो-उतरतो. दोघे जवळपास एकाच वयाचे. शिपायाचा पट्टा अजून जुन्याच भोकात बसतो. साहेबांनी पट्टाच सोडून गॅलस लावले आहेत. या जोडीवरचा शोधनिबंध ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ सालीच लिहून ठेवला आहे, फक्त तो लंडनच्या दुमजली बसमधला. चालक दिवसभर बसलेला, कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. हृदयविकाराचं प्रमाण चालकांमध्ये जास्त निघालं. तीन वर्षांनी मॉरिस यांनी गणवेशांची मापं तपासली, तर चालकांच्या तुमानी कमरेला मोठ्या!

बसवंतरावांनी या पुराव्यावर फाइलीवर मारतात तसा शेरा मारला: “चालक मुळातच रुंद नव्हते कशावरून? खुलासा मागवावा.” आक्षेप बिनबुडाचा नव्हता. तरुण चालकांच्या तुमानीही रुंदच निघाल्याने हाच प्रश्न मॉरिस यांच्यापुढेही उभा राहिला होता. फरक एवढाच, की मॉरिस पुढेही अभ्यास करत राहिले, व्यायाम करत राहिले आणि ९९ वर्षं जगले. बसवंतरावांनी फाइल बंद केली.

मग वजनाचा मुद्दा. “उंचीच्या मानाने वजन अगदी बरोबर आहे,” असं ते पोटावर हात ठेवून सांगतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काडीसारखे आणि चरबी आत लपलेली, हा आपल्याकडचा परिचित नमुना. बसवंतरावांना यातलं पुण्याचं नाव तेवढं आवडलं.

शेवटी त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं: दर अर्ध्या तासाला उठायचं. वरून आलेला आदेश बसवंतराव टाळत नाहीत. त्यांनी लगेच परिपत्रक काढलं आणि ‘बैठ्या कामाचे दुष्परिणाम’ या विषयावर सभागृहात व्याख्यान ठेवलं. व्याख्यान दोन तास चाललं. शिपाई रांगांमधून चहा फिरवत होते. पहिल्या रांगेतल्या गादीच्या खुर्चीवर बसवंतराव अखेरपर्यंत जागचे हलले नाहीत. आभार मानणाऱ्याने त्यांच्या या चिकाटीचा खास उल्लेख केला, तेव्हा त्यांनी बसल्या जागेवरूनच हात जोडले.