वेढ्यातलं प्रेम: मस्तगडच्या नवशिक्या मुलींसाठी

प्रेमवीर मिळवायला काही करावं लागत नाही. क्लासमध्ये पेन खाली पडला, त्यानं उचलून दिला आणि तू 'थँक्यू' म्हणालीस, एवढं पुरतं. त्या एका 'थँक्यू'वर तो पुढची तीन वर्षं काढतो.

जालन्यातलं मस्तगड ही शिकायला चांगली जागा. १७२५ साली काबिलखानानं इथं किल्ला बांधला. किल्ला म्हटला की वेढा आलाच, फक्त तोफांऐवजी आता मोटरसायकल आहे आणि मोर्चा चहाच्या टपरीवर लागतो. तुझ्या क्लासचं वेळापत्रक तुझ्यापेक्षा त्याला पाठ. मामाकडं निघालीस तर बसस्थानकावर हजर. २०२३च्या डिसेंबरात जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली, तिच्या दारापर्यंतही तो येईल. "सहज आलो होतो," म्हणेल. रेल्वे स्टेशनवर सहज कोण येतं गं?

आता भाषा शीक, कारण तुझी मराठी आणि त्याची मराठी वेगळी आहे. तू 'नाही' म्हणालीस की त्याला ऐकू येतं, 'मैत्रीण शेजारी उभी आहे.' 'मला तू आवडत नाहीस' म्हणजे लाजली. नंबर ब्लॉक केलास म्हणजे रुसली. 'दादाला सांगीन' म्हणालीस तर संपलंच, घरच्यांशी ओळख करून द्यायचं ठरलं! मोसंबीच्या सौद्यात पहिला 'नाही' हा भावाचा भाग असतो. हा गडी तोच हिशेब घेऊन बसलाय.

मैत्रिणी सांगतील, "एकदा भेटून नीट समजाव ना." नवशिक्या इथंच फसतात. तू समजवायला जाशील, तो मित्रांना सांगेल की पहिली भेट झाली. दुसऱ्यांदा समजवायला गेलीस तर महिन्याभरात साखरपुड्याची बातमी तुलाच बाहेरून कळेल.

भेटवस्तूंत टेडी येईल, मग हातावर ब्लेडनं कोरलेलं तुझं नाव. जोडाक्षराचं नाव असलेल्या मुलींचा अपराधभाव थोडा जास्त. बिचाऱ्याला मेहनत पडते. हा हात बघून शेजारची काकू हळहळते, "पोरगा मनापासून करतो गं." मनापासून तर कीचकानंही केलं होतं. भर सभेत त्यानं सैरंध्रीला लाथ मारली, विराट राजा गप्प बसला आणि कंक बनलेला धर्मराज तिलाच म्हणाला की रडून आमच्या द्यूतात विघ्न आणू नकोस. पुढं १९०७ साली खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. सरकारला त्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसला म्हणून १९१० साली नाटकावर बंदी आली. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही कर्झनच दिसला. सैरंध्री त्या गर्दीत कितीजणांना दिसली असेल, देव जाणे.

३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटात कॉलेजला निघालेल्या एका प्राध्यापिकेला असाच मागं लागलेल्या माणसानं भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं. आठवड्यानं ती गेली. २०२२ साली त्याला जन्मठेप झाली. त्याला कधीतरी कुणीतरी 'मनापासून करतो' म्हटलं असेलच.

कायदा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पाठलाग. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाचपर्यंत. पहिला गुन्हा जामीनपात्र, म्हणजे जामीन घेऊन गडी पुन्हा टपरीवर येऊ शकतो. तरी मेसेजचे स्क्रीनशॉट ठेव, तारीख-वेळ वहीत लिही. वाट अडवली तर समजवत बसू नकोस, ११२ लाव. नर्तनशाळेत दबा धरून बसायला आता भीम मिळत नाही.

शेवटची पायरी घरी सांगण्याची. आई आधी विचारेल, "तू काही बोलली होतीस का त्याला?" थँक्यूचं सांगू नकोस. बाबा गप्प बसतील, मग तुझा क्लास बंद करतील, फोन काढून घेतील, खिडकीला पडदा लावतील.

खाली टपरीवर तो दुसरा चहा सांगतो आणि डोळे पुसत मित्रांना म्हणतो, "कोंडून ठेवलंय रे तिला. घरच्यांचा आमच्या प्रेमाला विरोध आहे." टपरीवाला त्या चहाचे पैसे घेत नाही.