सभासद नसलेल्यांनी बाहेर थांबावे

अमेरिकेतल्या पक्षांना एबी फॉर्मचा शोध अजून लागलेला नाही. त्यामुळे आपला उमेदवार कोण, एवढी साधी गोष्ट ठरवायला त्यांना आधी एक निवडणूक घ्यावी लागते, आणि तो उमेदवार निवडून आणायला पुन्हा दुसरी. आपल्याकडे पहिल्या निवडणुकीचं सगळं काम अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनला दहा मिनिटं कमी असताना, पक्षाच्या तिकिटाचा हा फॉर्म घेऊन घामाघूम होऊन तहसील कचेरीत घुसणारा एक माणूस बिनबोभाट उरकतो. पुढच्या निवडणुकीला तोच माणूस दुसऱ्या पक्षाचा फॉर्म घेऊन घुसतो. तेव्हाही वेळेत.

तर या पहिल्या निवडणुकीला ते प्रायमरी म्हणतात आणि तिच्या दारावरून त्यांच्यात जुनं भांडण आहे. काही राज्यांत दार उघडं असतं. कुणीही यावं, कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत द्यावं. न्यूयॉर्क, पेनसिल्वेनिया, फ्लोरिडा, केंटकी अशा राज्यांत मात्र दार बंद. मतदार यादीत तुमच्या नावापुढे जो पक्ष लागला असेल, त्याच्याच प्रायमरीत मत. कुठलाच लागला नसेल तर घरी बसा. दार बंद ठेवणारे सांगतात, की आमचा उमेदवार आमच्याच माणसांनी निवडावा, आणि ज्यांना मत द्यायची एवढी हौस आहे त्यांनी सभासद व्हावं, म्हणजे पक्षही वाढेल. दार उघडा म्हणणारे सांगतात, की अशाने मतदानच आटतं. दोन्ही बाजूंचे अहवाल निघतात, त्यावर परिसंवाद होतात आणि दार आपलं होतं तिथेच राहतं.

आता सभासद म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, ते तिथे काहीच नाही. वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही, सभेनंतर सतरंज्या उचलणं नाही. मतदार नोंदणीच्या कागदावर एक चौकोन असतो, त्यात खूण केली की झालात रिपब्लिकन. पक्षाला तुमचं तोंडही बघावं लागत नाही. आपल्याकडे २०१४-१५ च्या मोहिमेत भाजपने निदान मिस्ड कॉल तरी द्यायला लावला होता आणि त्यावर दहा कोटींच्या पुढे सभासद झाल्याचं जाहीर केलं होतं. अमेरिकेत तेवढेही कष्ट नाहीत. वेळेत खूण केली की पुरे.

अडतं ते या ‘वेळेत’पाशी. २०१६ साली न्यूयॉर्कची प्रायमरी होती १९ एप्रिलला, आणि पक्ष बदलायची मुदत संपली होती आदल्या वर्षी ९ ऑक्टोबरला. डेमोक्रॅट इच्छुकांची पहिली जाहीर वादचर्चा झाली १३ ऑक्टोबरला. म्हणजे उमेदवार तोंड उघडण्याच्या चार दिवस आधीच मतदाराने मन कायमचं पक्कं करायचं होतं. या नियमात राज्यातले लाखो अपक्ष मतदार सापडले, तशी इव्हांका आणि एरिक ही ट्रम्पसाहेबांची दोन मुलंही सापडली. बाप राष्ट्राध्यक्षपदाला उभा, आणि मुलांचं नाव रिपब्लिकन यादीत नाही. मुलांना फार अपराधी वाटतंय, असं बापाने टीव्हीवर सांगितलं. आपल्याकडे नेत्याच्या मुलाचं नाव यादीतून राहिलं असतं तर यादीच नवी छापली असती.

त्या फजितीनंतर, २०१९ मध्ये, न्यूयॉर्कने मुदत पुढे आणली. आता जूनच्या प्रायमरीसाठी १४ फेब्रुवारीपर्यंत पक्ष बदलता येतो. आमचा एक मावसभाऊ न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहतो. नागरिकत्व मिळालं तेव्हा त्याने ‘कुठल्याही पक्षात नाव नको’ या चौकोनात खूण केली होती. त्याचे वडील आयुष्यभर जिल्हा परिषदेत नोकरीला, सरकारी कागदावर पक्षाचं नाव लिहून द्यायचं नाही हा घरचा संस्कार. २०२५ च्या जूनमध्ये, महापौरपदाची प्रायमरी तोंडावर आली असताना, त्याचा फोन आला.

“दादा, मला मत नाही रे देता येत.”

“का? सिटिझन आहेस ना?”

“सिटिझन आहे. डेमोक्रॅट नाही.”

“मग हो की. एक खूण तर करायची.”

“मुदत गेली. चौदा फेब्रुवारीला.”

“काय करत होतास तेव्हा?”

“बायकोला जेवायला घेऊन गेलो होतो. त्या दिवशी पक्षाची आठवण कुणाला होते?”

“बरं, मग नोव्हेंबरात दे. खरी निवडणूक तेव्हाच ना?”

“दादा, इथे नोव्हेंबरात फक्त मोजदाद होते. ठरायचं ते जूनमध्ये ठरतं.”

हे त्याचं म्हणणं नेहमीच्या वर्षी खरंच ठरलं असतं. न्यूयॉर्क शहरात डेमोक्रॅट मतदार रिपब्लिकनांच्या कित्येक पट, त्यामुळे जूनचा विजेता नोव्हेंबरात बहुधा हार घालायलाच येतो. त्या वर्षी मात्र प्रायमरीत झोहरान ममदानींकडून हरलेले अँड्र्यू कुओमो नोव्हेंबरात अपक्ष म्हणून पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. मावसभावाला मत द्यायला मिळालं. बंडखोरीचे आपल्याकडे कुणी कितीही वाभाडे काढोत, लोकशाहीला तिचा असा उपयोग होतो.

यात एक गोष्ट मला फार आवडते. प्रायमरी पक्षाची, पण केंद्रं, कर्मचारी, यंत्रं, छपाई हा सगळा खर्च बहुतेक ठिकाणी सरकारी तिजोरीतून होतो. त्या तिजोरीत आमच्या मावसभावाचाही कर आहे. त्याची अवस्था हौसिंग सोसायटीतल्या भाडेकरूची: मेंटेनन्स त्याच्या खिशातून, लिफ्ट बंद पडली तर जिने त्यानेच चढायचे, पण सर्वसाधारण सभेत “आपण सभासद नाही” म्हणून सेक्रेटरी हात जोडणार. त्या सभेची गणपूर्ती होत नाही, ती अर्धा तास तहकूब होते आणि मग आहेत तेवढ्या सात माणसांत पुढच्या पाच वर्षांची कमिटी नेमली जाते, हे साम्यही लक्षात घ्यावं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००० साली कॅलिफोर्नियाच्या एका खटल्यात सांगून टाकलं, की आपला उमेदवार कुणी निवडावा हे ठरवण्याचा हक्क पक्षाचा. हक्क खासगी, बिल सार्वजनिक.

पण कलेचा कळस पाहायचा तर फ्लोरिडात जावं. तिथल्या लोकांनी १९९८ मध्ये राज्यघटनेत एक शहाणपणाची दुरुस्ती केली. एखाद्या पदाचे सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतील आणि विजेत्याला पुढे विरोधकच नसेल, तर त्या प्रायमरीत सगळ्यांना मत देऊ द्यावं. कारण ती प्रायमरी हीच खरी निवडणूक. कायदा झाला तशी पळवाटही झाली. तिथे कुणालाही ‘नाव लिहून द्यायचा’ उमेदवार म्हणून अर्ज भरता येतो. त्याला शुल्क नाही, सह्या गोळा करणं नाही. मतपत्रिकेवर त्याचं नाव छापत नाहीत, एक रिकामी ओळ सोडतात. हौस असेल त्याने तिथे त्याचं नाव लिहावं. असा एक जरी निघाला, तरी विजेत्याला ‘विरोधक’ आहे असं धरतात आणि प्रायमरीचं दार पुन्हा बंद होतं.

२०१६ साली जॅक्सनव्हिल भागात सरकारी वकिलाच्या पदाची निवडणूक होती. (हो, तिथे सरकारी वकीलही निवडून देतात.) पदावर होत्या अँजेला कॉरी, ट्रेव्हॉन मार्टिन या मुलाच्या मृत्यूबद्दल जॉर्ज झिमरमनवर खटला चालवणाऱ्या. रिंगणातले सगळे रिपब्लिकन. म्हणजे प्रायमरी सगळ्यांना खुली व्हायची, आणि कॉरीबाईंवर चिडलेले डेमोक्रॅटही मत द्यायला यायचे. तेवढ्यात कुणीतरी एक वकील रिकाम्या ओळीचा उमेदवार म्हणून उगवला आणि दार बंद झालं. त्याचे कागद दाखल करायला खुद्द कॉरीबाईंच्या प्रचाराचा व्यवस्थापक गेला होता, हे मागाहून बाहेर आलं. डमी उमेदवार आपणही उभे करतो, नामसाधर्म्य शोधून शोधून करतो. पण ज्याचं नावच मतपत्रिकेवर नाही असा डमी आपल्याला अजून जमलेला नाही.

पुढे जे झालं ते बंद दाराच्या पुरस्कर्त्यांनी चौकटीत लावून ठेवावं. त्यांच्या सिद्धान्ताप्रमाणे दार बंद होताच नवे सभासद आले, हजारोंनी आले. डेमोक्रॅट आणि अपक्ष रांगा लावून रिपब्लिकन झाले. पक्षवाढीचा सोहळाच. ऑगस्टमध्ये मतमोजणी झाली तेव्हा मेलिसा नेल्सन यांनी कॉरीबाईंना दुपटीहून जास्त मतांनी झोपवलं होतं.

फ्लोरिडात २०२० मध्ये दार कायमचं उघडण्याचा प्रस्ताव लोकांपुढे आला. बाजूने ५७ टक्के पडले, लागत होते ६०. प्रस्ताव पडला. तीस लाखांहून जास्त अपक्ष मतदार त्या राज्यात आहेत, आणि सार्वमतात मत द्यायला त्यांना कुणी पक्ष विचारला नव्हता. तरीही.

सभासद येतात, हे खोटं नाही. पेनसिल्वेनियात २००८ च्या वसंतात ओबामा-क्लिंटन झुंज रंगली तेव्हा लोक हौसेने डेमोक्रॅट झाले. त्या एका वर्षात राज्यातल्या दोन लाखांहून जास्त रिपब्लिकनांनी पक्ष बदलला, असं सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांनी पुढच्या वर्षी स्वतःच सांगितलं. आणि सांगितलं ते स्वतः पक्ष बदलताना. त्यांचं गणित सरळ होतं. मवाळ मंडळी निघून गेली, बंद प्रायमरीत आता उरले कडवे, ते आपल्याला पाडणार. मग ज्या दारातून आपले मतदार गेले त्याच दारातून आपणही जावं. स्पेक्टर तारुण्यात डेमोक्रॅटच होते, त्यामुळे ती घरवापसीही ठरली. मे २०१० मध्ये डेमोक्रॅटांच्या बंद प्रायमरीत घरच्यांनी त्यांना पाडलं. पाडणारे जो सेस्टॅक नोव्हेंबरात पॅट टूमींकडून पडले, ज्यांच्या भीतीने स्पेक्टर मुळात पळाले होते.

वायोमिंगमध्येही २०२२ ला तेच. रिपब्लिकन खासदार लिझ चेनींना प्रायमरीत वाचवायला डेमोक्रॅट हजारोंनी रिपब्लिकन झाले, चेनी तरीही सपाटून हरल्या, आणि दुसऱ्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने शेवटच्या घटकेला पक्ष बदलण्यावर बंदी आणली. सभासद वाढले तर वाढले म्हणून तक्रार करणारा पक्ष मी दुसरा पाहिलेला नाही.

एकाच पक्षाला मात्र सभासद वाढवण्याची खरी किल्ली सापडली होती, कॅलिफोर्नियातल्या अमेरिकन इंडिपेंडंट पार्टीला. १९६८ मध्ये वंशभेदवादी जॉर्ज वॉलेस राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, त्यासाठी निघालेला हा पक्ष. ना सभा, ना नेता, ना बातमी. तरी २०१६ साली त्याचे सुमारे पाच लाख सभासद होते. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने चौकशी केली तेव्हा चारांतल्या जवळजवळ तिघांना आपण या पक्षात आहोत याचा पत्ताच नव्हता. बिचाऱ्यांना अपक्ष राहायचं होतं. कागदावर ‘इंडिपेंडंट’ दिसलं, खूण करून मोकळे झाले. त्यात हॉलिवूडची मंडळीही होती. आणि या खुणेपायी, खऱ्या अपक्षांना डेमोक्रॅटांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत जे मत मिळत होतं, तेही त्यांचं गेलं.

राहता राहिलं मतदान. दार उघडं असलं तर थोडं जास्त होतं, हे मान्य करायला हवं, पण थोडंच. मध्यावधी वर्षात प्रायमरीला देशभर पाच पात्र मतदारांतला जेमतेम एक फिरकतो. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मतदारसंघात अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्टेझ यांनी डेमोक्रॅटांचे बडे नेते जो क्राउली यांना पाडलं आणि जगभर मथळे झळकले, तेव्हा दोघांना मिळून तीस हजार मतंही पडली नव्हती. एवढ्यात आपल्याकडे महापालिकेचा एक प्रभाग होतो. आणि त्याच शहरात, त्याच बंद दाराआड, २०२५ च्या जूनमध्ये दहा लाखांहून जास्त डेमोक्रॅट बाहेर पडले. नियम तोच, फक्त आखाड्यात कुस्ती खरी होती. लोक कुस्ती बघून येतात. दाराचा प्रश्न पडतो तो आलेल्याला परत पाठवायची वेळ येते तेव्हा.

हा प्रयोग महाराष्ट्रातही झालेला आहे, हे विसरून चालणार नाही. २०१४ च्या लोकसभेला राहुल गांधींनी देशातल्या पंधराएक मतदारसंघांत काँग्रेसच्या प्रायमऱ्या घ्यायला लावल्या. मत द्यायचं ते पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी. म्हणजे दार नुसतं बंद नव्हतं, आतून कडीही होती. वडोदऱ्यात नरेंद्र रावत निवडून आले. मग नरेंद्र मोदी तिथून उभे राहिले आणि पक्षाने रावतांना बाजूला करून मधुसूदन मिस्त्रींना तिकीट दिलं. लातुरात दत्तात्रय बनसोडे आले, लोकसभेला पडले. वर्ध्यात चारुलता टोकस विरुद्ध सागर मेघे अशी लढत झाली. मेघे म्हणजे मावळते खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. बंद दाराआड, निव्वळ लोकशाही मार्गाने, चिरंजीव निवडून आले. मे महिन्यात भाजपचे रामदास तडस, मूळचे पैलवान, यांनी त्यांना दोन लाखांहून जास्त मतांनी चीतपट केलं. त्यानंतर काही महिन्यांतच दत्ता मेघे मुलांसह भाजपमध्ये गेले.

२०१९ ला काँग्रेसने प्रायमरी घेतली नाही. वर्ध्याचं तिकीट वरून आलं, आणि ते चारुलता टोकस यांनाच आलं. समोर पुन्हा तडस. त्याही पडल्या.