श्री. गॅरेजकर यांचा नळ

श्री. गॅरेजकर बिअर फारशी पीत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुमचा त्यांच्याबद्दल भलताच समज व्हायचा. ते अर्धा ग्लास घेतात, तोही उजेडात धरून दहा वेळा निरखतात, आणि पाहुणे गेल्यावर उरलेला सिंकमध्ये ओततात. तरीही न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास जिथे जिथे आपली माणसं वसली आहेत, तिथे दोन-चार गल्ल्यांआड एक गॅरेजकर हमखास सापडतो. त्याच्या गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजच्या दाराला क्रोमचा चकचकीत नळ असतो आणि त्या नळाला बिअर येते.

हे गृहस्थ मूळचे डोंबिवलीचे, चिंचवडचे नाहीतर सांगलीचे. शिक्षण मेकॅनिकल, नोकरी सॉफ्टवेअरची. सगळं दुखणं इथेच आहे. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कानस घासून घासून ज्याने लोखंडाचा ठोकळा काटकोनात आणला, त्याच्या हातात पुढे वीस वर्षं नुसता माउस आला. हात शिवशिवतात. अशा वेळी घरात नवा फ्रिज येतो आणि जुना अमेरिकन रिवाजाप्रमाणे गॅरेजमध्ये वानप्रस्थाला जातो. सौ. गॅरेजकरांच्या मते तो पूर्ण वापरात असतो: इडलीचं पीठ, दुधाचे गॅलन, मराठी मंडळाच्या पाडव्यातून उरलेलं श्रीखंड. गॅरेजकरांच्या मते तो रिकामाच असतो.

दाराला भोक पाडायला काही धोका नसतो, कारण दारात गॅसच्या नळ्या नसतात. हे गॅरेजकरांना चांगलं ठाऊक असतं. पण धोका नाही तिथे इंजिनिअरिंग कसलं? म्हणून ते बिअर नळापर्यंत ढकलणारा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर फ्रिजच्या बाहेर ठेवायचं ठरवतात, म्हणजे त्याची नळी बाजूच्या भिंतीतून आत न्यावी लागेल. बऱ्याच फ्रिजच्या त्या भिंतीत कंप्रेसरकडून येणाऱ्या नळ्या दडलेल्या असतात. ड्रिल तिथे घुसलं की गॅस फुस्स करून निघून जातो आणि फ्रिजचं कपाट होतं.

यावर तोडगा आहे, आणि तो सांगताना गॅरेजकरांचा चेहरा बघावा. रबिंग अल्कोहोलमध्ये कॉर्नफ्लोअर कालवायचं, पातळ लेप फ्रिजच्या भिंतीला फासायचा आणि कंप्रेसर चालू करायचा. आत जिथे गरम नळी असेल तिथला लेप आधी वाळतो आणि ओल्या भिंतीवर पांढरी रेघ उमटते. गॅरेजकर भिंतीशी उकिडवे बसून त्या रेघेकडे टक लावतात. डोहाळजेवणातली सोनोग्राफीची चित्रंसुद्धा त्यांनी इतक्या कौतुकाने पाहिलेली नाहीत. आतून हाक येते, "अहो, मांचुरियनला कॉर्नफ्लोअर काढून ठेवलं होतं, कुठं गेलं?" उत्तर येत नाही. दोन रेघांच्या मधोमध पेन्सिलीची फुली मारायचं काम चाललेलं असतं.

मग येतो केग, म्हणजे बिअरचं पिंप. त्यातल्या पूर्ण मापाच्या पिंपाला अमेरिकेत हाफ बॅरल म्हणतात. आत १५.५ गॅलन, म्हणजे साडेअठ्ठावन लिटरच्या वर बिअर, आणि भरलेल्या पिंपाचं वजन सत्तर किलोच्या पुढे. ते उचलायला शेजारचा निवृत्त अमेरिकन येतो, तो मनापासून मदत करतो आणि आयुष्यभरासाठी मित्र होतो. फ्रिजच्या तळाला मागच्या बाजूला कंप्रेसरचा उंचवटा असतो, त्यावर पिंप बसत नाही. म्हणून लाकडी पाट करणं आलं. पाट केला की दार लागत नाही. म्हणून दाराच्या आतला अंड्यांचा कप्पा कापणं आलं. अंडी स्वयंपाकघरात जातात, इडलीचं पीठ शेजारणीकडे.

सिलिंडरला रेग्युलेटर बसवताना टेफ्लॉन टेप गुंडाळायची आपली पिढीजात सवय इथे चालत नाही, तिथे सपाट वॉशरच लागतो. गॅरेजकर टेप गुंडाळतात, रात्रीत सिलिंडर रिकामा होतो, आणि सकाळी ते साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोडावर बुडबुडे शोधत बसतात. आईला डोंबिवलीत घरच्या गॅसला हेच करताना त्यांनी पाहिलेलं असतं. तेव्हा कुणी त्याला छंद म्हणत नसे.

नंतर दहा फुटांची नळी. पिंपापासून नळापर्यंतचं अंतर हातभर असताना बिअरने दहा फूट वेटोळं का फिरावं, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि विचारला नाही तरी उत्तर मिळतं. ३८ फॅरनहाइट, म्हणजे साधारण तीन अंश सेल्सिअस तापमानाला बिअरवर १० ते १२ पीएसआय दाब ठेवावा लागतो, म्हणजे विरघळलेला वायू विरघळलेलाच राहतो. हा दाब नळापर्यंत पोचताना हळूहळू खर्च झाला पाहिजे. तो खर्च करायला तीन सोळांश इंचाची बारीक, लांब नळी. नळी आखूड झाली की ग्लासात बिअर तीन बोटं आणि बाकी फेस. ऐकणारा मान डोलावतो आणि चहा मिळेल का म्हणून विचारतो.

फेसाचं दुसरं कारण मात्र गॅरेजकरांनी हेरलेलं आहे, आणि ते अस्सल आपलं आहे. बिअरचा नळ झटक्यात पुरता उघडावा लागतो, अर्धवट उघडला की फेसच येतो. पण पाण्याच्या पाळीत लहानाचा मोठा झालेला मराठी माणूस कुठलाही नळ अर्ध्यावर उघडणार नाही, पावच उघडेल. मग प्रत्येक पार्टीत गॅरेजमधून गर्जना ऐकू येते, "पूर्ण! पूर्ण उघडा!"

एका हाफ बॅरलमध्ये बारा औंसांचे १६५ ग्लास भरतात, आणि पाश्चराइज न केलेली बिअर गार ठेवून सहा-आठ आठवडे बरी राहते. एवढं कोण पिणार? मंडळातल्या अर्ध्या पुरुषांना बिअरने पित्त होतं, उरलेल्यांना सिंगल माल्ट हवी असते, आणि एक जण गाडी चालवणार असतो. पैसे वाचतात, असं दाखवणारी एक्सेल शीट गॅरेजकरांनी केली आहे. त्यात ड्रिल, पाट आणि शेजाऱ्याला दिलेलं जेवण धरलेलं नाही.

यातून ते घरीच बिअर करायच्या वळणाला लागतात. १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने संघराज्याच्या पातळीवर तशी मुभा दिली. मिसिसिपी आणि अलाबामाला मात्र ती पटायला २०१३ उजाडलं. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. म्हणजे थेंबही न चाखणाऱ्या सौ. गॅरेजकरांच्या नावावर कागदोपत्री १०० गॅलनचा कोटा आहे. त्या कोट्याचा हिशेब त्यांनी एकदाच मागितला.

तो गणपतीत. घरी दीड दिवसाचा गणपती, गॅरेजवरून येणारी-जाणारी माणसं, आणि दाराला बिअरचा नळ. चादर टाकूनही नळ उठून दिसत होता. "माझ्या वाट्याचा मठ्ठा घाला त्यात," सौ. म्हणाल्या. एकोणीस लिटरचा छोटा केग मुळात सोड्यासाठीच निघालेला, त्यामुळे तत्त्वतः हरकत नव्हती. आरतीनंतर पहिल्याच ग्लासाला कोथिंबीर नळात अडकली. गॅरेजकरांनी सोवळ्यातच पाना घेतला, सगळ्यांदेखत नळ सोडवला, तोटी, वॉशर, दांडा ओळीने पंच्यावर मांडले. तेवढे सुखी ते कुठल्याही पार्टीत दिसले नव्हते. मग मठ्ठ्याच्या जागी गाळलेलं कोकम आलं, दाब वाढवला, आणि मुलांनी कोकम सोड्यासाठी रस्त्यापर्यंत रांग लावली. कुणाला पित्त झालं नाही, कुणी चहा मागितला नाही.

तेव्हापासून सौ. गॅरेजकर नळाची बाजू घेतात, इडलीचं पीठ मात्र अजून शेजारणीकडेच असतं. परवा आमच्या घरी नवा फ्रिज आला. पोचवणाऱ्या माणसांनी खोकं उतरवलं, तेवढ्यात व्हॅनमागे गॅरेजकरांची गाडी थांबली. त्यांनी खिशातून मेजरिंग टेप काढली, आमच्या जुन्या फ्रिजचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि तिथूनच विचारलं, "वहिनी, कॉर्नफ्लोअर आहे का हो थोडं?"