दिवाणजींची खतावणी

भालकीतल्या अडतीच्या दुकानात तुरीचे हिशेब लिहिण्यात हयात गेलेले दिवाणजी सध्या जर्मन शिकतात. शिकते खरी त्यांची लेक. तिचं नर्सिंग झालंय, जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरीसाठी बी-२ परीक्षा द्यायचीय. पण घरात वही आली की ती दिवाणजींच्या ताब्यात जाते, हा जुना रिवाज.

त्यांनी लागलीच खतावणी घातली. डावीकडं इंग्रजी, उजवीकडं जर्मन, एकाला एक. 'ऑन' म्हणजे 'आउफ'. टेबलावर ग्लास, जुळलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या फोटोला 'आन' निघालं, सोमवारलाही 'आन', आणि बसमध्ये बसलेल्या माणसाला 'इन'. "एका खात्याला तीन धनी? ही तर अफरातफर!" म्हणत त्यांनी 'ऑन' उचंत खात्यात टाकलं.

मग विभक्तीची पाळी आली. हॉटेलात ते चहाचा ग्लास टेबलाच्या चार बोटं वर धरून बसले होते. टेबलाकडं जाताना 'आउफ डेन टिश', टेकला की 'आउफ डेम टिश'. पोऱ्या ग्लास उचलायला आला तर म्हणाले, "थांब, अजून 'डेन' चालू आहे." चहावर साय धरली.

"मराठीत शाळेत जातो, शाळेत आहे, दोन्हीकडं 'त'. मग यांचंच का वेगळं?"

गल्ल्यावरचे अप्पा नोटा मोजता मोजता बोलले, "आमच्या कानडीत बी वेगळंच की. सालिगे होगोदु, साल्याग इरोदु."

दिवाणजी बघतच राहिले. लेकीच्या क्लासची फी बिदरला भरली आणि व्याकरण समोरच्या हॉटेलात फुकट! त्या दिवसापासून अप्पा लवाद झाले. 'गे' आलं की 'डेन', 'आग' आलं की 'डेम'. माझ्या मते शिकवणी म्हणून ही पद्धत धोक्याची आहे, पण दिवाणजींना सांगणार कोण?

परवा ते स्टँडवर होते. "कुठं चाललाव?"

"गुलबर्ग्याला." गावाचं नाव 2014 साली कलबुर्गी झालं, ते त्यांच्या वहीत अजून चढलेलं नाही. "पण घोटाळा झाला. बसची वाट बघायला जर्मनीत 'आउफ डेन बुस' म्हणतात. मी हलेना, बस येईना, तरी 'डेन'!" आणि पिशवी घेऊन तडक हॉटेलाकडं निघाले.

संध्याकाळी भेटले ते फुललेल्या चेहऱ्यानं. "अप्पा म्हणाले, बस्सिगे कायोदु. 'गे' आहे की! जुळलं."

"आणि बस?"

"ती उचंतात."