उर्फ मृण्मयी

॥ श्री ॥

नेदरलँड्स,
कोजागरी पौर्णिमा

ती. आण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, आईच्या पासपोर्टसाठी जमवलेल्या कागदांचे फोटो दादाने पाठवले. ते बघून तुमच्या जावयांनी एवढंच विचारलं, "मे महिन्यात नक्की किती जणी येणार आहेत?"

त्यांचं काय चुकलं? शाळेच्या दाखल्यावर कुसुम गोविंद खातू. रेशनकार्डावर सुमती सदानंद शेट्ये. मतदार ओळखपत्रावर सुमन सदानंद शेटे. ही सुमन कोण, आणि तिने आईच्या नावावर आजवर किती निवडणुकांत मतदान केलं, हे एकदा बघायला हवं. गंमत म्हणजे फोटो सगळीकडे एकच. घाबरलेला.

आण्णा, तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, गावात सगळे ओळखतात. ओळखतात, कबूल. पण आपल्या गावाला नावांचा गोंधळ अंगवळणीच पडलाय. तालुका संगमेश्वर, पण तहसीलदार बसतात देवरुखात. स्टेशन संगमेश्वरचं, पण पाटीवर 'संगमेश्वर रोड'. त्यात सोनवी बघा. डोंगरातून एवढी स्वतःच्या नावाने खळाळत येते, संगमावर शास्त्रीला मिळते आणि तिथून जयगडच्या खाडीपर्यंत कागदोपत्री शास्त्रीच. पाणी निम्मं तिचं असेल, पण नकाशात नाव त्याचं. आपल्याकडच्या पोरींना हा धडा शाळेत वेगळा शिकवावा लागत नाही.

आता माझी हकिगत. माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहायची वेळ आली, तेव्हा नार्वेकरांच्या आत्याबाईंनी 'मृण्मयी' सुचवलं. ते जोडाक्षर काही तांदळात मावेना. तुमच्या जावयांनी दोनदा ताट हलवून पुन्हा सारखं केलं आणि शेवटी जे उमटलं ते भटजींनीही मोठ्याने वाचलं नाही. तरी सासरी मी मृण्मयी झाले ती झालेच. पासपोर्ट मात्र लग्नाआधीचा, नोकरीच्या घाईत काढलेला. त्यावर मी नीलिमा सदानंद शेट्ये. व्हिसाची गडबड होती म्हणून तो तसाच राहिला आणि नंतर मीच तो तसाच ठेवला.

त्याचा परिणाम तुम्हाला भोगावा लागतोय, आण्णा. आपल्या पासपोर्टात आडनावाचा एक रकाना आणि बाकी सगळं 'दिलेलं नाव' म्हणून दुसऱ्या रकान्यात. मधलं नाव वडलांचं असतं हे इथल्या कोणाच्या ध्यानीमनी नाही. त्यांना वाटतं, हौसेने दोन नावं ठेवली असतील. दातांच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मदतनीस मुलगी दारात येऊन गोड आवाजात पुकारू लागली, "सदानंद? सदानंद?" मी दचकून मागे बघितलं. म्हटलं, आण्णा न कळवता आले की काय! आता सवय झालीये. तुमच्या नावाने माझ्या दोन दाढा भरल्या गेल्यात आणि ग्रंथालयाचा दंडही एकदा तुमच्या नावे भरलाय. विमानाच्या तिकिटावर तर मी 'नीलिमासदानंदमिसेस' अशी एका दमात छापली जाते.

चिरंजीवांचं मधलं नाव अर्थातच त्यांच्या वडलांचं आणि आडनाव नार्वेकर. त्यामुळे गेल्या वर्षी सुट्टीत मी एकटी त्याला घेऊन परत आले, तेव्हा पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबांनी आमचे दोन पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग काचेवरून वाकून त्याला विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय?"

हा महिनाभर दोन्ही घरी राहून आलेला. गंभीर चेहरा करून म्हणतो, "कुठल्या आजीकडचं सांगू?"

आण्णा, त्या क्षणी मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं. नशीब, त्याच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडलांची नावं छापलेली होती. ते पान उघडून दाखवलं, बरोबर जन्मदाखला होता, ग्रामपंचायतीच्या गोल शिक्क्याचा विवाह नोंदणीचा दाखलाही होता. साहेब हसले. म्हणाले, आडनावाचं आम्हाला काही नाही, वडलांचं संमतीपत्र आहे का?

तेही होतं. इथे एकट्या पालकाने मूल घेऊन सीमा ओलांडायची तर दुसऱ्या पालकाची लेखी संमती जवळ ठेवा, असं सरकारच सांगतं. त्याचा छापील नमुनाही मिळतो. मूल पळवून नेण्याचे प्रकार होतात, म्हणून. तुमच्या जावयांनी जाण्यापूर्वी तो फॉर्म असा ऐटीत सही करून दिला होता की जणू मला स्वारीवर धाडताहेत.

पण पुढे गंमत झाली. गेल्या दिवाळीत ते चिरंजीवांना घेऊन लंडनला मावसभावाकडे निघाले. आडनाव एक, नाक एक, चालही एक. "माझ्याकडे कोण कशाला काय मागतंय?" म्हणाले. नियम वाचायला दिला. त्यात आई-बाप असा भेद नाही. दोघांनाही तोच कायदा. घरातल्या टेबलावर फॉर्म ठेवून ते माझ्यासमोर उभे राहिले. लग्नानंतर त्यांना माझी लेखी परवानगी लागण्याची ही पहिलीच वेळ. मी चहा संपवला, चष्मा शोधला, फॉर्म दोनदा वाचला आणि मग सही केली. नीलिमा सदानंद शेट्ये, पूर्ण.

इथल्या लोकांना माझ्या आडनावाचं आश्चर्य नाही, कारण इथे लग्न झालं तरी सरकारी नोंदीत बाईचं जन्माचं नावच कायम राहतं. नवऱ्याचं आडनाव पत्रव्यवहारापुरतं वापरायची मुभा आहे, आणि पुरुषालाही बायकोचं वापरता येतं. १ जानेवारी २०२४ पासून मुलाला दोघांची आडनावं जोडून लावता येतात. तिकडे जपानात उलट. तिथल्या दिवाणी संहितेचं कलम ७५० सांगतं की नवराबायकोंनी एकच आडनाव लावलं पाहिजे. कोणाचं, ते तुम्ही ठरवा. आणि बहुतेक घरांत काय ठरतं ते सोनवीला विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ते कलम उचलून धरलं. आइसलँडात बहुतेकांना आडनावच नाही. मुलगा बापाच्या नावापुढे 'सोन' लावतो, मुलगी 'दोत्तिर'. एका छपराखाली चौघांची चार नावं आणि कोणाला काही वाटत नाही. तिथे आपल्या आईला मान मिळाला असता, एकटीने चौघांचा कोटा भरते म्हणून.

आण्णा, तलाठी असताना तुम्ही सातबाऱ्यावर आत्यांची नावं माहेरची लावायची की सासरची, यावर अख्खी पडवी जागवली होती. म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगते, आपल्या देशातही बाईने लग्नानंतर नाव बदलावं असा कायदा नाही. एप्रिल २०१७ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी जाहीर सांगितलं की पासपोर्टसाठी बायकांना नाव बदलावं लागणार नाही. त्याच्या काही महिने आधीच पासपोर्टला विवाहाचा दाखला जोडायची अटही गेली होती. मार्च २०२४ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडलांचं आणि मग आडनाव. दादाच्या धाकटीचे कागद करताना हे लक्षात असू द्या. आणि वहिनीचं कुठलं नाव घालायचं ते आधी घरात एकमताने ठरवा, नाहीतर वीस वर्षांनी धाकटीही मला असंच पत्र लिहील.

आणि काकू जे म्हणाल्या की नाव न बदलणं देवाधर्माला धरून नाही, त्यांना मार्लेश्वराची आठवण करून द्या. दर मकरसंक्रांतीला गिरिजादेवी साखरप्याहून पालखीतून येते, साग्रसंगीत लग्न लागतं, सगळा तालुका अक्षता टाकतो. इतकी लग्नं लागली, तरी ती साखरप्याची गिरिजाच. देवाने कधी ताटात तांदूळ मागवले नाहीत.

आता कामाचं. पासपोर्टवरचं आईचं नाव आणि माझ्या जन्मदाखल्यातलं आईचं नाव जुळायला हवं, नाहीतर व्हिसासाठी मी जे हमीपत्र पाठवणार आहे, त्यात मी कोणा परक्या बाईला घरी बोलावतेय असं दिसेल. माझ्या दाखल्यात 'सुमती' आहे. आधारवरही तेच असेल तर काम सोपं. शाळेतलं 'कुसुम' आणि हे 'सुमती' एकाच व्यक्तीचं, असं प्रतिज्ञापत्र देवरुखला करून ठेवा. 'शेट्ये' आणि 'शेटे' यांतला य हरवला तो मतदार ओळखपत्रात दुरुस्त करून घ्या. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा ठेवू देऊ नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातींनी पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश बंद केला, तेव्हा आखातात निघालेल्या कितीतरी जणांची धावपळ झाली. मग वडलांचं किंवा कुटुंबाचं नाव दुसऱ्या पानावर असलं तरी चालेल असं सांगितलं, पण आपण त्या भानगडीत कशाला पडा? आणि तिकीट पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणेच काढायचं, दादाच्या अंदाजाप्रमाणे नाही.

अर्जात एक प्रश्न येतो, आणखी कुठल्या नावाने तुम्हाला ओळखतात का? आईला बजावून ठेवा, तिथे फक्त कागदावरची नावं सांगायची. नाहीतर ती प्रामाणिकपणे बाय, काकी, मामी, मोठी वहिनी अशी सुरुवात करील आणि मागची रांग संध्याकाळपर्यंत हलणार नाही. आणि पोलीस चौकशीला येतील त्या दिवशी तिला घरात बसवून ठेवा. वाडीत 'सुमती शेट्ये कुठे राहतात' विचारलं तर कोणी सांगायचं नाही, सगळ्यांना काकीच माहीत.

पण आण्णा, हे सगळं करण्याआधी एक करा. आईला विचारा, तिला कुठलं नाव हवंय. खातूंच्या घरी कुसुम नाव तिच्या आजोबांनी ठेवलं, सुमती तुम्ही तांदळात लिहिलंत, सुमन निवडणूक कारकुनाने केलं. तिला विचारून एकही नाही. ती 'सुमती' म्हणाली तर वर लिहिलेलं सगळं जसंच्या तसं. 'कुसुम' म्हणाली, तर राजपत्रात नावबदल छापून घेता येतो. अर्ज ऑनलाइन होतो, मुंबईला चर्नी रोडला खेटे घालायला नकोत. पुढे आधारपासून पासबुकापर्यंत सगळं बदलावं लागेल, मे ऐवजी दिवाळी उजाडेल. चालेल. मी थांबेन. फोनवर तिला विचारलं तर "तुम्ही ठरवाल ते" म्हणेल, म्हणून हे पत्र. वाचून तिच्या हातात द्या आणि तुम्ही जरा बाहेर बसा.

आमसुलं आणि कुळथाचं पीठ आणाच. त्यांच्यावर नाव लिहायची गरज नाही.

तुमची,
नीलिमा
(नार्वेकरांकडे उर्फ मृण्मयी)

ता. क. आण्णा, वरील मजकूर मी वाचला असून त्यास माझी पूर्ण संमती आहे. तांदळाच्या ताटाबद्दल जे लिहिलंय ते मात्र मला मान्य नाही. ताटच लहान होतं.
— आपला जावई