गेटवे उजवीकडे, आपण बुफेत

मुंबईहून गोव्याला निघालेलं क्रूझचं जहाज संध्याकाळी बॅलार्ड पियर सोडतं आणि सगळा डेक उजव्या कठड्यावर धावतो. तिकडे मुंबई आहे ना! आधी नौदलाची गोदी लागते. तिचे फोटो काढायला बंदी, म्हणून तेवढा वेळ मंडळी एकमेकांचे काढतात. मग गेटवे येतो आणि शंभर मोबाइल वर जातात. गेटवेचं तोंड पूर्वेला, मावळता सूर्य त्याच्या पाठीशी. १९२४ साली बांधून झालेला तो पिवळा बेसॉल्ट फोटोत कोळशाच्या वखारीसारखा उतरतो. आकाशावर बोट टेकवून उजेड उतरवा आणि कमान खुशाल काळी राहू द्या, काळीच देखणी दिसते. पण आपल्याला गेटवेपुढे स्वतःचा चेहराही हवा असतो. मग दोन वखारी येतात.

कुलाब्याचा दांडा मागे पडला की किनारा डावीकडे. खांदेरी-उंदेरीही त्याच बाजूला, अंधार पडला असेल तर खांदेरीच्या दीपगृहाची उघडझाप तेवढी. बाल्कनीची खोली घेताना बाजू विचारून घ्या. आमच्या एजंटने दोन्हीकडे ‘सी व्ह्यू’ सांगितला होता. खोटं नव्हता बोलला. उजवीकडे ओमानपर्यंत सी व्ह्यूच आहे.

पूर्वीची कोकण बोट हर्णे, जयगड, रत्नागिरी, देवगड असं करत जायची. उतारूंना न्यायला पडाव यायचे. तेव्हा वेंगुर्ल्याला बोट लागायची, आता नुसती माणसांना लागते. सगळं कोकण रात्रीत निघून जातं आणि त्या वेळी आपण टरबुजातून कोरलेल्या माशाचा फोटो काढत असतो. टॉवेलच्या हत्तीचा झालेला असतो.

थंडगार खोलीतून तडक डेकवर आलात की भिंगावर वाफ धरते. आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, धुकं काय सुंदर पडलंय!” मी तीस फोटो काढले त्या धुक्याचे. कॅमेरा पिशवीतच बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेर बसवायचा, मग काढायचा. खारे तुषार उडाले तर शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसू नका, मिठाचे कण ओरखडे काढतात. आधी फुंकून उडवा, मग ओलसर मऊ फडकं. आणि रात्री कठड्यावर कोपर टेकू नका, इंजिनाची थरथर फोटोत उतरते. शेजारच्या काकांनी ट्रायपॉड आणला होता. तो डेकवर अगदी स्थिर होता. डेक कुठे स्थिर होता?

गोव्यात जहाज मुरगावला लागतं. तिथून जुनं गोवं हाताशी नाही, जायलाच तासभर धरा. परतायची वेळ म्हणजे जहाज सुटायची नव्हे, त्याआधी दार बंद होण्याची. गोव्याचा टॅक्सीवाला थांबतो, थांबण्याचे पैसे घेऊन. जहाज पैसे घेऊनही थांबत नाही.

खरा फोटो परतीच्या सकाळी. आता मुंबई डावीकडे, सूर्य पूर्वेला, म्हणजे थेट गेटवेच्या तोंडावर. संध्याकाळी वखार वाटलेला दगड मधासारखा पिवळा झालेला, शेजारी ताजचा घुमट, मध्ये एलिफंटाला निघालेल्या लाँचेस. आणि डेकवर कोण? कोणी नाही. अख्खं जहाज इडलीच्या रांगेत. शेवटचा फुकटचा नाश्ता चुकवायचा कसा?

मी मात्र हे सगळं वाचून गेलो होतो. पहाटे उठून डाव्या कठड्याला उभा राहिलो, ऊन चढू दिलं, गेटवे समोर आला तसा खांद्यावर हात नेला. खांदा रिकामा. उतरायच्या आदल्या रात्री सामान खोलीबाहेर ठेवायचं असतं, खलाशी ते परस्पर खाली नेतात. मोठी बॅग आमच्या सौ.नी भरली होती, वेळेवर आणि नीटनेटकी. मोबाइल खोलीत चार्जिंगला होता. धावत जाऊन तो घेऊन आलो तेव्हा समोर नौदलाची गोदी होती.